माहीत असून

प्लास्टिकचं एक पाकीट फाटल्याचा आवाज असून असून केवढा असणार. बिस्किटाचा पुडा फोडला तरी त्याहून मोठा होतो. पण त्या संध्याकाळी मैदानावर तो झाला आणि मुलींच्या कोचला, ताईला, वाटलं, पलीकडच्या रस्त्यावर बसची वाट बघत उभ्या असलेल्या लोकांनीसुद्धा माना वळवल्या असतील. कुणीही वळवल्या नव्हत्या. कुंपणापलीकडच्या विजेच्या उपकेंद्राची घरघर नेहमीसारखी चालू होती, मुली घामाघूम होऊन घोळका करून उभ्या होत्या, आणि गोलपोस्टपाशी खांब मातीत बसली होती. खांब म्हणजे त्यांची गोलकीपर, पंधरा वर्षांची, उंच आणि काटकुळी. गोलला दोन खांब आहेतच, हा तिसरा, असं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं आणि ते नाव तिला असं चिकटलं की खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. समोरून चेंडू घेऊन आलेल्या मुलीच्या पायांत तिने बेधडक सूर मारला होता, चेंडू पोटाशी घेतला होता, आणि बुटाची टाच तिच्या भुवईवर बसली होती. भुवई फुटली की रक्त फार येतं आणि जखम त्या मानाने लहान असते, हे ताईला पाठ होतं. ती धावत गेली, गुडघे टेकून बसली, हात पुढे केला. भुवईपासून वीतभरावर हात थांबला. मग तो मागे आला, पिशवीत गेला, पट्ट्या आणि औषधाची बाटली बाजूला सारत पार तळाशी पोचला. तिथे हातमोज्यांचं पाकीट होतं. संस्थेने दिल्यापासून ते कधी फोडलं नव्हतं. घाईत नखांना दाद देईना, तेव्हा ताईने ते दातांनी फाडलं.

खांबने आधी हातमोज्यांकडे पाहिलं, मग ताईच्या तोंडाकडे. एक डोळा रक्ताने मिटला होता म्हणून दुसऱ्यानेच पाहिलं. त्या एका डोळ्यात राग नव्हता, भीती नव्हती. परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आल्यावर हुशार मुलं जशी एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकतात, तसं तिने पाहिलं आणि मान वर करून जखम ताईच्या स्वाधीन केली. एवढ्यात मागून रेडिओने विचारलं, "ताई, आज हातमोजे?" या मुलीच्या तोंडात तीळ भिजत नसे, दिवसभर तिचं प्रसारण चालू असायचं, म्हणून ती रेडिओ. तिच्या विचारण्यात काही काळंबेरं नव्हतं. गेल्याच आठवड्यात तिचा गुडघा सोलवटला होता तेव्हा ताईने आपल्या उघड्या तळव्याने तो दाबून धरला होता आणि वर तिला, मेली नाहीस अजून, असं बजावलं होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी आल्या आणि तोंडातून बाहेर पडल्या, इतकंच. "नियमच आहे," ताई म्हणाली. ते शंभर टक्के खरं होतं. शंभर टक्के खरं बोलूनही माणसाला खोटं बोलता येतं, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. पट्टी मात्र तिने छान बांधली. खांब बाकीचा सराव कडेला बसून होती. निघताना तिने गोलकीपरचे हातमोजे, जे ती रोज घरी घेऊन जायची आणि उशाशी ठेवून झोपते असं तिची मावशी सांगायची, ते संघाच्या पोत्यात इतर सामानाबरोबर ठेवले आणि पोत्याचं तोंडसुद्धा नीट बांधलं.

घरी जाताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. एरवी ती मिळाली की ताई स्वतःवर खूश असायची. आज काचेला डोकं टेकलं तर काच थरथरत होती आणि ती थरथर दातांपर्यंत येत होती. नियम होताच. रक्त कुणाचंही असो, हातमोजे घालायचे. प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरबाईंनी कारणही सांगितलं होतं: सगळ्यांसाठी घातले की हातमोजे कुणाबद्दल काही बोलत नाहीत, एकासाठी घातले की त्यांना तोंड फुटतं. ताईने हे वाक्य पुढे नव्या कोचना शिकवलं होतं, फळ्यावर लिहून, खाली रेघ ओढून. आणि स्वतः? मुली पडायच्या, सोलवटायच्या, आणि प्रत्येक वेळी पाकीट शोधायचं कोण, म्हणून ती उघड्या हाताने काम भागवायची. त्यात थोडी ऐटही होती, खोटं कशाला बोला. मी तुमची आहे, मला किळस नाही, अशी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. धडधाकट कातडीवर पडलेल्या रक्ताने काही होत नाही, हात लावल्याने, मिठी मारल्याने, एका बाटलीतून पाणी प्याल्याने काही होत नाही, हे ती शहरातल्या डझनभर शाळांतून सांगत हिंडली होती. डोक्याला ते कळलं होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं कामच ते होतं. संस्था मुलींना फुटबॉल शिकवायची आणि फुटबॉलच्या आडून एचआयव्हीबद्दल सांगायची, कारण वर्गात बसवून सांगितलं की मुली बाकाखाली बघतात आणि मैदानात सांगितलं की निदान समोर बघतात. कंडोम शब्दाला पहिले काही दिवस खिदळणं व्हायचं, मग त्या खिदळण्याचाच कंटाळा येऊन सगळ्या गंभीर व्हायच्या. ताईने स्वतः डोकं लढवून एक खेळ काढला होता, त्याला मुली तोंडी पेनल्टी म्हणायच्या. चेंडू ठेवला की ताई एक वाक्य मोठ्याने म्हणायची. डास चावल्याने एचआयव्ही होतो. औषधं नियमित घेतली तर आईकडून बाळाला होणं टाळता येतं. वाक्य खरं असेल तर चेंडू डावीकडे मारायचा, खोटं असेल तर उजवीकडे. गंमत अशी की गोलकीपरही तेच वाक्य ऐकायची. तिला उत्तर येत असेल तर चेंडू कुठे येणार हेही तिला आधीच कळायचं. संस्थेच्या साहेबांना हा खेळ इतका आवडला की त्यांनी दुसऱ्या मैदानांवरही तो चालू केला. पण बाकीच्या मैदानांवर गोल व्हायचे. इथे होत नसत. खांब चेंडू पायाला लागायच्या आत हललेली असायची. तपासणी किती दिवसांनी करावी, औषधं रोज घेणाऱ्या माणसाचं रक्तातलं विषाणूचं प्रमाण किती खाली जातं, ताई स्वतः ज्या प्रश्नाला क्षणभर थबकायची त्यालाही खांब योग्य बाजूला झेपावलेली असायची. केवढी हुशार पोरगी, असं ताई घरी येऊन नवऱ्याला सांगायची. एकदाच गोल झाला होता. ताई म्हणाली होती, एचआयव्ही असलेल्या मुलीने संघात खेळू नये. रेडिओने झटकन उजवीकडे मारला, कारण खोटंच आहे ते. आणि खांब दोन्ही हात खाली सोडून मधोमध उभी राहिली होती, चेंडू बाजूने जाळीत गेला तरी. तेव्हा ताईला वाटलं, पोरगी दमली असेल.

मावशीने सांगितलं ते त्यानंतर. मावशी शिवणकाम करायची. बाजाराच्या टोकाला तिचं एका खिडकीएवढं दुकान होतं, शाळेचे गणवेश, पडदे, उसवलेल्या पिशव्या, काय येईल ते. संघाच्या चड्ड्या कमरेत ढगळ होत होत्या म्हणून ताई तो गठ्ठा घेऊन गेली होती. मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने मापं घेतली, खडूने खुणा केल्या, आणि मग एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली. शेवटची टाचणी खोचल्यावर ती बोलली. बहिणीची मुलगी, जन्मापासून आहे, बहीण लवकर गेली. गोळ्या वेळेवर घेते, दवाखान्यात म्हणतात हिला काही धाड भरत नाही, मोठी होईल, म्हातारी होईल, माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. सांगायचं कारण एवढंच की स्पर्धेला बाहेरगावी नेणार आहात, झोपताना गोळी असते, कुणा एकाला ठाऊक असलेलं बरं. "पण तुम्हाला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका," मावशी म्हणाली. "आधीच्या शाळेत कळलं होतं, ती शाळा सोडावी लागली. मैदान तेवढं तिचं आहे." ताईने मावशीचा हात हातात घेतला होता. हे गुपित आपल्याकडे सोपवलं याचा तिला, कबूल करायला हरकत नाही, अभिमान वाटला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ तिने इतके महिने घट्ट धरली, नवऱ्याला नाही, संस्थेत नाही, कुणालाही नाही. आणि आज सगळ्यांसमोर हात दाखवून अवलक्षण केलं.

बस सिग्नलला थांबली होती. शेजारच्या बाईच्या पिशवीतून फिनाईलचा वास येत होता, बाटलीचं झाकण सैल असावं. ताईने नाक आवळलं, आणि मग तिला जाणवलं की ती नुसतं नाक आवळत नाहीये, ती उठून दुसरीकडे जाऊन उभी राहायच्या बेतात आहे. तिचा काका दुसऱ्या शहरातली नोकरी सोडून परत आला तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. पूर्वी तोच तिला चेंडू झेलायला शिकवायचा. हात नाही, आधी डोळे पुढे कर, म्हणायचा. परत आला तो अर्धाच होऊन. दुपारभर गॅलरीत खुर्चीवर बसायचा, ती चेंडू टाकायची, तो झेलायचा आणि हळूच परत टाकायचा. संध्याकाळी आई चेंडू बादलीत बुडवून फिनाईलने धुवायची. मातीने भरलाय, म्हणायची. गॅलरीत माती कुठली? पण आई म्हणते म्हणजे असेल. ती बादली धरून उभी राहायची आणि आईचे हात चेंडूवरून कसे घाईघाईने, बोटांच्या टोकांनी फिरतात ते बघायची. चेंडूचं कातडं कडक होत गेलं, त्याला भेगा पडल्या, झेलताना तळहाताला बोचायला लागला. एकदा काका पाणी प्यायला म्हणून आत आला आणि मोरीच्या दारात थांबला. आईने बघितलं, त्याने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो म्हणाला, हात दुखतो, आज नको. तो गेला तेव्हा घरात काविळीचं नाव निघालं आणि तेच कायम झालं. आई वाईट नव्हती. त्याचं अंथरूण तीच बदलायची, रात्री तीच उठायची. पण मुलाला जे शिकवायचं असतं ते तोंडाने शिकवलं जात नाही, बादलीशी उभं करून शिकवलं जातं. ताईने काचेवरून डोकं उचललं. तिला खूप वाईट वाटत होतं, काकाबद्दल, खांबबद्दल, आणि थोडं आईबद्दलही.

नवरा आधीच घरी आला होता. तो फ्रीज दुरुस्त करायचा आणि स्वतःच्या घरातला फ्रीज सोडून शहरातले सगळे चालू स्थितीत ठेवायचा. चेष्टेत तिला कोचसाहेब म्हणायचा. आज कोचसाहेबांचा चेहरा का उतरलाय, असं त्याने विचारलं तेव्हा तिने नाव न घेता, एका मैदानावर एका कोचने असं केलं म्हणून सांगितलं. त्याने ते दुसरं कुणी असल्याचा बहाणा पाळला, तेवढा तो समजूतदार होता. ऐकून घेतलं, चहाचा कप तिच्यापुढे सरकवला, आणि मग म्हणाला, "पण तिने हात धुतले ना नीट, त्या कोचने?" ताई ताडकन उठली. इतकी वर्षं या घरात पत्रकं येतायत, तुला वाचता येतात ना, असं काहीबाही तिच्या तोंडावर आलं होतं. पण ते बोलायला तिने बेसिनच्या कठड्यावर हात टेकला आणि तिला आठवलं की घरात आल्या आल्या चपला काढून ती आधी इथेच आली होती. साबण अजून ओला होता. ती परत येऊन बसली आणि चहा प्याली. आपलं काय चुकलं ते त्या बिचाऱ्याला कळेना. हो, धुतले, एवढंच ती शेवटी म्हणाली.

पुढच्या सरावाला खांब आली नाही. भुवई ठणकत असेल, असं ताईने मुलींना सांगितलं आणि स्वतःलाही सांगून पाहिलं. त्याच्या पुढच्या सरावालाही आली नाही. गोलमध्ये रेडिओला उभं केलं, तर ती चेंडू येताना त्याचं वर्णन करत बसायची आणि तो जाऊन जाळीत बसायचा. महिनाअखेरीला स्पर्धा होती. पण ताईला स्पर्धेची फिकीर नव्हती, किंवा होती ती वरवरची होती. आतली भीती वेगळी होती, आणि ती तिने एकदा स्वतःशी स्पष्ट म्हटली: त्या पोरीचं एक मैदान होतं आणि ते मी घालवलं. मग रेडिओचं कोपर फुटलं. ताईने पिशवी उघडली, हातमोजे घातले, जखम पुसली. रेडिओने त्या रबरी बोटांकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मला काय झालंय, म्हणाली. काही नाही झालेलं, नियम आहे, मीच इतके दिवस पाळत नव्हते, आता सगळ्यांसाठी पाळणार, असं ताईने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. बाकीच्या मुलींना ते पटलं, किंवा त्यात फार काही नाही असं वाटून त्या पांगल्या. रेडिओ मात्र कोपर धरून तिथेच घुटमळली आणि पहिल्यांदाच आवाज कमी करून बोलली.

"ताई, खांबला काही आहे का?"

ताईने पट्टीचं टोक कापलं, दाबून बसवलं. "तुझं काही असेल तर ते मी दुसऱ्या कुणाला सांगावं का?"

"माझं काही नाहीये."

"मग कुणी विचारलं तर तेवढंच सांगेन. प्रत्येकीबद्दल."

रेडिओने ते नीट तपासून घेतलं, आतबाहेर उलटून. तिचंही काहीतरी असणार. पंधराव्या वर्षी प्रत्येकीचं काहीतरी असतं, घरातलं, बापाचं, शरीराचं. तिने मान हलवली आणि त्या संध्याकाळी सराव संपेपर्यंत प्रसारण बंद राहिलं. ताईला तिच्याबद्दल एकदम माया वाटली. एवढं बडबडणारं माणूस गप्प बसायचं ठरवतं तेव्हा त्याची किंमत त्यालाच माहीत.

दुकानात मावशी नव्हती. काजे-बटणाचं सामान आणायला गेली होती आणि यंत्रावर खांब बसली होती, पडद्याला पट्टी मारत होती. भुवईवर आता छोटी चिकटपट्टी होती. ताईला बघून तिने पाय थांबवला नाही. शिवण संपेपर्यंत यंत्र चालू राहिलं, मग तिने दोरा कापला आणि स्टूल पुढे सरकवलं. ताईने बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. चुकलं माझं, नियम सगळ्यांसाठी होता, मी तो तुझ्यापासून सुरू केला, तुझ्यापासून करायला नको होता. ती तिने जशीच्या तशी म्हटली. म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपण शाळेत बोलतो तसंच बोलतोय, स्वच्छ आणि सगळ्यांना समजेल असं. खांब ऐकत होती. समोरच्या दुकानात कुणीतरी शटर अर्धं ओढत होतं, त्याचा खडखडाट संपेपर्यंत दोघी थांबल्या.

हातमोज्यांचं काही नाही, खांब म्हणाली. हातमोजे घालायचेच असतात, हे तिला दवाखान्यात लहानपणापासून माहीत होतं. उलट ताई इतरांना उघड्या हाताने पुसायची तेव्हा तिला ताईचीच काळजी वाटायची. ताईला हसू आलं आणि ते तोंडावर यायच्या आत विरलं, कारण खांब अजून संपली नव्हती. "मला आधीच कळलं होतं. चड्ड्या शिवायला टाकल्यात ना, तेव्हापासून. तुम्ही मला ओरडायचं बंद केलंत."

ताई नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही. पण तिच्या डोळ्यांसमोर गेले कित्येक महिने भराभर सरकले. ती मुलींवर खेकसायची, ही तर जगजाहीर गोष्ट होती. मैदानावरच्या कावळ्यांनाही तिचा आवाज ठाऊक होता. जाडीला जाडी म्हणायची, आळशीला फेऱ्या मारायला लावायची, उशिरा आलेलीला सरावाचे शंकू उचलायला लावायची. आणि खांब? खांबच्या हातून चेंडू सुटला की, असू दे बाळा. खांबला उशीर झाला की, बस घटकाभर, पाणी पी. मी सगळ्यांशी सारखं वागते, हे ती रोज रात्री स्वतःला प्रमाणपत्र दिल्यासारखं बजावत होती, आणि ते प्रमाणपत्र त्या पोरीने केव्हाच वाचून बाजूला ठेवलं होतं. हातमोजे एका संध्याकाळचे. हे बाळाबाळा रोजचं होतं.

"तरी मी येत होते," खांब म्हणाली. "म्हटलं, ताईंना वाटतंय मला कळलं नाही. मग मलाही तसंच दाखवता येत होतं. आता तेही नाही."

"मला माहीत आहे, ते मी विसरू शकत नाही," ताई म्हणाली. जुळवून आणलेल्या वाक्यांत हे नव्हतं. "कितीही ठरवलं तरी."

"विसरू नका." खांबने पडद्याची घडी घातली, कडा जुळवल्या, तळव्याने दाबून सपाट केली. "माहीत नसताना सगळेच ओरडतात. माहीत असून ओरडा."

मावशी परत आली तेव्हा दोघी घडी घातलेल्या पडद्याकडे बघत होत्या. मावशीने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि तिच्याही काहीतरी लक्षात आलं असावं, कारण तिने सामानाची पिशवी ठेवली आणि काही न विचारता चहा सांगितला. कप आले. खांबने तिघींमध्ये आपला आधी उचलला आणि दुसऱ्या हाताने कैचीपाशी पडलेले दोरे गोळा केले. स्पर्धेचं ताईने काढलं नाही. निघताना फक्त म्हणाली, मंगळवारी सराव आहे. खांब म्हणाली, बघते.

मंगळवारी ती आली. मुलींनी तिच्या भुवईची चौकशी केली, कुणी व्रण दिसतोय का बघायला चेहरा जवळ आणला, आणि रेडिओने मधे पडून स्वतःचं कोपर दाखवत सगळं लक्ष आपल्याकडे वळवलं. ताईने ठरवलं होतं, आज ओरडायचं. खांबने एक चेंडू ठीकठाक अडवला तरी ती जोरात ओरडली, पाय हलव पाय, झोपलीस का. आवाज पुरेसा मोठा होता, पण त्यात काही नव्हतं. शाळेच्या नाटकातल्या खलनायकासारखा तो मैदानभर फिरून परत आला. खांबने लांबून तिच्याकडे पाहिलं आणि जेमतेम दिसेल इतकी मान हलवली. असं नाही. ताई खजील झाली. राग आणायचा म्हणून येत नाही, आणि माया लपवायची म्हणून लपत नाही. या दोन्ही गोष्टी तिला इतक्या वर्षांत कुणी शिकवल्या नव्हत्या. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, मला आता रागावताच येत नाही. तो म्हणाला, हे तू मला सांगतेस, आणि पेचकस घेऊन शेवटी स्वतःच्या फ्रीजकडे वळला.

मग एका सरावाला, ऊन उतरत असताना, ताई मधल्या रेषेपाशी उभी राहून बचावाच्या मुलींना जागा वाटून देत होती. त्या दिवशी तिचं डोकं खरोखर फक्त खेळात होतं. स्पर्धा तोंडावर आली होती आणि डावी बाजू रोज उघडी पडत होती. पलीकडून कुणीतरी चेंडू सहज, कंटाळून, नुसता लोटला. तो मातीवरून घरंगळत निघाला, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. एवढ्या वेळात कुणीही चहा पिऊन आलं असतं. खांब गोलच्या खांबाला पाठ टेकून, एक पाय दुमडून उभी होती आणि रेडिओ तिला कसलीशी लांबलचक हकिकत सांगत होती, हातवारे करकरून. चेंडू दोघींच्या समोरून गेला, रेषा ओलांडली, जाळीला जाऊन टेकला. दोघींना पत्ता नाही.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवायला वेळच नव्हता. "खांब! टेकायला दोन खांब पुरेसे आहेत मला, तिसरा कशाला उभा केलाय? डोळे काय घरी ठेवून आलीस? स्पर्धा कुठल्या तोंडाने खेळणार आहेस? आणि तू गं बातम्यावाली, कुणी बोलावलं होतं तुला तिथे? पळा दोघी. अख्ख्या मैदानाला फेऱ्या, मी थांब म्हणेपर्यंत. पाय ओढलेस तर बाहेर बसवीन, गोलकीपर काय झाडाला लागतात!" तिचा श्वास संपला तेव्हा उपकेंद्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि मग तिला कळलं, आपण काय केलं ते. ओरडताना तिला सगळं माहीत होतं. मावशी, गोळ्या, भुवई, काका, सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी राग आला होता तो त्या घरंगळणाऱ्या चेंडूचा होता.

दोघी निघाल्या. कुंपणाच्या कडेने एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. ताईच्या पाठीमागून जाताना त्यांना वाटलं असावं की एवढ्या अंतरावरून काही ऐकू जात नाही.

"म्हातारीच्या अंगात आलंय आज," खांब धापा टाकत म्हणाली.

"नवऱ्याशी भांडून आली असेल," रेडिओ म्हणाली. "दरवेळी आपल्यावरच काढते."

"दरवेळी," खांब म्हणाली, आणि हसायला लागली. धावताना हसू आवरेना म्हणून तिला कमरेवर हात ठेवून थांबावं लागलं. ताई बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी सुटली नव्हती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली, सावकाश, गाठीवर गाठ, तोंड वर करण्याजोगं होईपर्यंत. मग उभी राहिली.

"ऐकू येतं मला," ती ओरडली. "आणखी एक फेरी."

खांब कुरकुरत वळली आणि धावू लागली.